पाटीवरची हवा

"काका, हा आकडा इथला नव्हताच," शिडीवरची मुलगी म्हणाली, आणि रामदास दुधाची पिशवी हातात धरून चौकात उभाच राहिला.

खरं तर तो थांबणारच नव्हता. जानेवारीत त्याची बायको प्रेमला गेली, तेव्हापासून या पाटीकडे त्याने मान वर करून बघितलं नव्हतं. वारज्याच्या या चौकात, रिक्षा स्टँडच्या मागे, उंच खांबावर ही विजेची मोठी पाटी आहे. वर 'आजची हवा' असं लिहिलेलं, मधे आकडा आणि आकड्यामागे रंग. हिरवा म्हणजे चांगली, पिवळा म्हणजे मध्यम, नारिंगी म्हणजे वाईट, लाल म्हणजे अतिशय वाईट. प्रेमला होती तोवर रामदास रोज सकाळी मुद्दाम एवढ्यासाठी खाली उतरून यायचा. ती गेली आणि पाटीचं काम संपलं. आता दूध घेऊन तो तिच्याखालून जायचा तो चपलांकडे बघत. पण आज चौकात जयंतीच्या निळ्या पताका लावायचं काम चाललं होतं, पोरं दोर घेऊन वर चढली होती, म्हणून त्याची नजर सहज वर गेली आणि पाटी काळी दिसली. काळी पाटी त्याने कधी पाहिली नव्हती. खांबाला शिडी लावलेली होती, शिडीवर पिवळं हेल्मेट घातलेली एक मुलगी, गळ्यातल्या ओळखपत्रावर दीपाली असं नाव. खाली तिचा जोडीदार एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हातात मोबाईल बघत होता.

"बिघडली काय?" रामदासने विचारलं होतं.

"नाही काका, दुरुस्त होतेय."

"दुरुस्त? चालूच होती की. दसरा-दिवाळीत मी रोज बघायचो."

आणि मग ती ते म्हणाली. हा आकडा इथला नव्हताच. ती स्क्रू पिळता पिळता बोलत होती, बोलण्यात काही विशेष नव्हतं. "इथलं मोजायचं यंत्र बंद होतं ना. मागच्या पावसाळ्यात पाणी शिरलं त्यात. पार्टच येत नव्हता. आणि बोर्ड काळा ठेवला की लोक तक्रारी करतात, फोटो टाकतात. मग दुसऱ्या स्टेशनचा आकडा जोडून देतात. बोर्ड चालू राहतो."

"दुसऱ्या म्हणजे कुठल्या?"

"हिंजवडी."

"हिंजवडी," रामदास म्हणाला.

"खाली लिहिलेलं असतं की स्टेशनचं नाव." तिने वाकून पाटीच्या खालच्या अंगाला बांधलेला फ्लेक्स बोटाने उचलून धरला. कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता तो. काळा गॉगल, जोडलेले हात, खाली शुभेच्छुकांचे बटणाएवढे चेहरे. त्याच्यामागे पाटीची एक बारीक पट्टी होती. गेल्या वर्षभरात रामदासने त्या जागी कितीतरी वाढदिवस बघितले असतील. पट्टी आहे हे त्याला आजच कळलं.

"आम्ही काढतो, हे लोक परत लावतात," शिडी धरणारा मोबाईलमधून मान न काढता म्हणाला. "आता काय, यांचे वाढदिवस थांबवायचे का आपण?"

"मग इथं किती होता?" रामदासने विचारलं. "इथला आकडा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर."

"ते कसं सांगणार काका? यंत्रच बंद होतं. मोजलंच नाही कुणी."

"अंदाजे."

मुलीने पहिल्यांदा काम थांबवून त्याच्याकडे नीट बघितलं. "कमीही असेल, जास्तही असेल. इकडे टेकडी आहे, तिकडे हायवे आहे. तुम्हाला कशाला हवंय पण? आता सुरू होईल बघा दुपारपर्यंत, एकदम करेक्ट."

रामदास "बरं बरं" म्हणाला आणि निघाला. चार पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण घराच्या उलट्या दिशेने चाललो आहोत. तो वळला, परत पाटीखालून गेला. मुलगी वरून म्हणाली, "काका, सांभाळून, वायर आहे." तो वायर ओलांडून पुढे गेला. काय झालंय हे त्याला कळलं होतं आणि कळलं नव्हतंही. एवढंच कळलं होतं की काहीतरी झालंय, आत्ता नाही, मागे, आणि आता त्याला हात लावता येणार नाही. रस्त्यावर रोजच्यासारखी गर्दी होती. कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस हिंजवडीकडे चालल्या होत्या, एकामागे एक, पोरं कानात बोंडं घालून झोपलेली. तो त्या बसेसकडे बघत राहिला. इतके महिने यांच्या गावचा आकडा आपण घरी नेत होतो.

घरी नेत होतो म्हणजे खरोखर नेत होतो. सकाळी उठायचं, तोंड धुवायचं, प्रेमलाला पाणी द्यायचं आणि खाली उतरायचं. पाटीखाली उभं राहून आकडा बघायचा. एकदा बघून भागायचं नाही, तो बदलतो का म्हणून थोडं थांबायचा. मग घरी येऊन चप्पल काढता काढता सांगायचा. ती पलंगावर उशीला टेकून बसलेली असायची, रात्रीचं ऑक्सिजनचं यंत्र बंद केलेलं, केस विंचरलेले. विचारायची, "काय रंग आहे?" तो म्हणायचा, "लाल." नाहीतर, "नारिंगी." ती म्हणायची, "बरं." इतकंच. मग तो खिडक्या बघायला जायचा. नारिंगी असेल तर हॉलची खिडकी दुपारी थोडी उघडायची, लाल असेल तर नाही. फटींना त्याने पट्ट्या चिकटवल्या होत्या, दाराखाली ओलं कापड. संध्याकाळच्या वंदनेला उदबत्ती बंद केली होती, नुसती मेणबत्ती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फुप्फुसं आक्रसत चालली आहेत, धूळ आणि धूर टाळा. धूळ कुठे असते आणि कुठे नसते हे त्याला काय कळणार? डोळ्यांना तर रोजची हवा सारखीच दिसते. म्हणून पाटी सापडली तेव्हा त्याला किती बरं वाटलं होतं. सरळ गोष्ट. रंग बघायचा आणि तसं वागायचं.

तो आयुष्यभर तसाच वागला होता. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तो फिटर म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. तिथे चाचणीच्या दिवशी शेडवर लाल बावटा चढायचा. बावटा चढला की तिकडे जायचं नाही. का चढला, कुणी चढवला, किती वेळ राहणार, असं कुणी विचारायचं नाही. नवीन आलेली पोरं विचारायची, तेव्हा जुने लोक त्यांना सांगायचे, बाबा, ज्याने विचारलं तो आता सांगायला नाही. हसायचे सगळे, पण ते खरं होतं. बावट्यावर विश्वास ठेवला म्हणून रामदासची दहाही बोटं जागेवर होती. घरीसुद्धा तो म्हणायचा, लाल म्हणजे लाल, त्यात चर्चा काय करायची? प्रेमला कधीकधी करायची. एकदा म्हणाली होती, "अहो, ती पाटी चौकात आहे. आपण तिसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. एवढी का ती हवा चालत येते इथपर्यंत?" त्याने उत्तर दिलं होतं, "तुला कळतं का पाटीला कळतं?" आता जिना चढताना हे वाक्य त्याला आठवलं आणि तो मधल्या मजल्यावर कठड्याला धरून थांबला. लिफ्ट चालू होती. आपण जिन्याने का आलो, हेही त्याला कळलं नाही.

गेल्या धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी प्रेमला पहाटेपासून तयार होती. आदल्या दिवशीच पांढरी साडी शेजारच्या पोरीकडून इस्त्री करून आणली होती. विहार फार लांब नव्हता, रिक्षाने गेलं तर पोचलो म्हणेपर्यंत आलाच. ती म्हणाली होती की मी आत बसणार नाही, गर्दीत जाणार नाही, दारात खुर्ची टाकून बसेन, बुद्धवंदना कानावर पडली की परत येऊ. त्यालाही न्यावंसं वाटत होतं. तो खाली गेला. लाल. त्या दिवशी तो पाटीखाली बराच वेळ थांबला, मनात म्हणाला, नारिंगी हो, आजच्या दिवस नारिंगी हो. वर आला आणि दारातूनच मान हलवली. उठून तिने नेसलेली साडी तशीच सोडली आणि पलंगावर टाकून तिची घडी करायला लागली. पांढऱ्या साडीची घडी एकट्याने नीट होत नाही, टोकं जुळत नाहीत. त्याने दुसरी दोन टोकं धरली. दोघांनी मिळून घडी घातली. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण किती काळजी घेतो हिची. त्या दिवशी हिंजवडीत कुठेतरी रस्ता खणला असेल, कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीचा पाया घालत असतील, ट्रक माती उडवत गेले असतील. आणि इथे प्रेमलाने साडीची घडी घातली.

मग मुक्ताईकडचं बारसं. मुक्ताई म्हणजे तिची धाकटी बहीण, धायरीला राहते. तिला नात झाली. प्रेमलाने बाळाला अंगडं शिवून ठेवलं होतं. नारिंगी असतं तर नेणार होतो, असं त्याने कबूलही केलं होतं. लाल निघालं. मुक्ताई फोनवर म्हणाली, "दाजी, धायरीची हवा धायरीची, वारज्याची वारज्याची. तुम्ही आणा तिला, आम्ही बघतो." तो म्हणाला, "घरातून बाहेर तर पडावं लागेल ना." मुक्ताईने फोन ठेवला. तिने अजूनही नीट बोलायला सुरुवात केलेली नाही. अंत्यविधीला आली, एका बाजूला उभी राहिली आणि जाताना एवढंच म्हणाली की अक्काला शेवटी बाहेर काढलंत एकदाचं. तेव्हा त्याला ते दुःखाच्या भरात बोललेलं वाटलं होतं.

दार उघडून तो आत आला. दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. मग सरळ हॉलच्या खिडकीशी गेला, खिडकी उघडली आणि बाहेरच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते काळं बोट बघून त्याला एकदम बरं वाटलं. बघ, तो मनात म्हणाला, बघ किती घाण आहे, हे सगळं तिच्या छातीत गेलं असतं. हवा वाईटच होती. हिंजवडीची असो की इथली असो, वाईटच असणार. हायवे काय लांब आहे? रात्रंदिवस ट्रक. त्या पोरीने सांगितलं नाही का, जास्तही असेल? जास्तच असणार. त्याने दुसऱ्या खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं, तेही काळं झालं. तो घरभर तसा हिंडला. न्हाणीघराच्या झरोक्यातून, स्वयंपाकघराच्या जाळीवरून, सगळीकडून त्याने धूळ गोळा केली आणि बोटं चोळून बघितली. मग त्याला आठवलं की प्रेमला गेल्यापासून ही खिडकी कुणी पुसलेलीच नाही. तीन महिन्यांत कुठलाही कट्टा काळा होईल. महाबळेश्वरचाही होईल. तो पलंगावर बसला. हवा वाईट असली पाहिजे होती. आपल्या बायकोच्या शेवटच्या दिवसांत हवा विषारी असावी असं आपण मागतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तरीही तो मागत राहिला.

त्याने मुलाला फोन लावला. बुद्धभूषण हिंजवडीतच असतो, कंपनीपासून जवळ घर घेतलंय.

"बोला बाबा. मला मीटिंग आहे आत्ता."

"भूषण, ती पाटी हिंजवडीची होती."

"कुठली पाटी?"

"चौकातली. हवेची. आकडा हिंजवडीचा यायचा. इथलं यंत्र बंद होतं पावसाळ्यापासून. आज दुरुस्त करतायत."

पलीकडे थोडा वेळ नुसते कळफलक वाजल्याचे आवाज आले, मग तेही थांबले. "एक मिनिट. म्हणजे ऑक्टोबरमध्ये, तुम्ही मला रोज फोटो पाठवायचात ते?"

"ते सगळे हिंजवडीचे."

"म्हणजे आमच्या खिडकीबाहेरचे," भूषण म्हणाला. "शिट्. मी आईला म्हणायचो, आमच्याकडे ये थोडे दिवस, आमची संस्कृती खूप मागे लागलीय आजी आजी करून. तुम्ही म्हणायचात, तिकडे कन्स्ट्रक्शन आहे."

"म्हणायचो."

"आणि मी पण तुमचे फोटो बघून म्हणायचो, बापरे, वारज्याला एवढं पोल्यूशन, नका काढू तिला बाहेर." तो हसल्यासारखा काहीतरी आवाज झाला. मग तो मुद्दाम हळू, समजावणीच्या सुरात बोलायला लागला. "बाबा, ऐका. प्लीज डोक्यात घेऊ नका. डॉक्टरांनी आपल्याला क्लिअर सांगितलं होतं ना, थोडे महिनेच आहेत म्हणून. हवा कशीही असती तरी काही फरक पडला नसता."

"तेच म्हणतोय मी," रामदास म्हणाला. "थोडेच महिने होते."

पलीकडे कुणीतरी भूषणला मागून हाक मारली, इंग्रजीत. "बाबा, संध्याकाळी करतो," तो म्हणाला. "जेवून घ्या. बाबा? दूध तापवलंत का?"

दूध तापवलं नव्हतं. रामदास पलंगावर बसून राहिला. खिडक्या उघड्या होत्या, दारही उघडंच राहिलं होतं, आणि घरातून हवा आरपार जात होती. कॅलेंडरचं पान फडफडत होतं. हे घर असं कधी वाजत नसे. त्या महिन्यांत घरात इतकी शांतता असायची की प्रेमलाचा श्वास दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचा. आत जाताना एक आवाज, बाहेर येताना दुसरा. रात्री जागा असला की तो त्या आवाजाबरोबर आपला श्वास चालवून बघायचा, पण तिचा लहान होता, त्याला पुरायचा नाही. आता त्याला वाटलं की तो आवाज आपण उगाच एवढा ऐकला. पट्ट्या लावल्या, दारं लावली, म्हणून ऐकू आला. उघड्या घरात तो रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला असता, आणि त्या दोघांनाही तो विसरता आला असता, थोडा वेळ तरी.

"दार सताड उघडं टाकून बसलात? हवा खायचा विचार दिसतोय."

दारात द्वारकाबाई होत्या. समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आयुष्य पेठेत गेलं आणि म्हातारपणी मुलाने वारज्यात आणून ठेवलं, याचा राग त्या अजून प्रत्येक वाक्यात काढतात. प्रेमलाचं आणि त्यांचं जमायचं. कशावर जमायचं हे रामदासला कधी कळलं नव्हतं.

"या," तो म्हणाला.

त्या आत आल्या, ओट्यावरची दुधाची पिशवी बघितली, पातेलं घेऊन गॅसवर ठेवलं आणि मग बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. "काय झालं? तोंड असं का दिसतंय?"

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, पाटी, पाणी शिरलेलं यंत्र, हिंजवडी, फ्लेक्स. सांगताना त्याला वाटलं की त्या काहीतरी टोचून बोलतील, आणि बोललेलं बरं वाटेल. पण त्या पदराचा काठ बोटावर गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"मग लाल नव्हतंच," त्या म्हणाल्या.

"माहीत नाही. मोजलंच नाही कुणी. असेलही."

"आणि तुम्ही आता बसलाय असं धरून, की तुम्ही तिला कोंडून घातलंत."

रामदास खाली बघत राहिला.

"एक सांगू का रामदासभाऊ? मी सांगणार नव्हते. तिने शपथ घातली होती. पण शपथ घालणारी गेली आणि तुम्ही असे बसलात, तर मी ती शपथ काय लोणच्याला घालू?" त्या पुढे सरकल्या. "तुमची बायको कुणाच्या बापाला कोंडता आली नसती. तुम्ही खाली गेलात की ती बाहेर यायची."

"कुठे बाहेर?"

"या माझ्याबरोबर."

त्यांनी आधी गॅस बंद केला. मग दोघं पॅसेजमधून चालत गेले, लिफ्टच्या उलट्या अंगाला. या बाजूला रामदास कधी येत नसे, यायचं कारणच नव्हतं. पॅसेजच्या टोकाला छातीएवढा कठडा होता आणि त्यावर काही नव्हतं, मोकळं. इमारतींच्या मधल्या फटीतून चौकाकडे जाणारा रस्ता सरळ दिसत होता. कोपऱ्यात द्वारकाबाईंच्या कुंड्या आणि एक निळं प्लास्टिकचं स्टूल.

"इथे बसायची," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमची लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला की भिंतीला धरून धरून यायची. मी दार उघडूनच बसलेली असायचे. बोरांच्या दिवसांत बोरं खायची. तुम्ही तिला आंबट देत नव्हतात ना, घसा खवखवतो म्हणून? इथं बिया टाकायची, या कुंडीत. आणि तुमच्याकडे बघायची."

"माझ्याकडे?"

"दिसता ना तुम्ही इथून. पाटीखाली उभे असलेले. म्हणायची, आमचे हे बघा, साहेबाने बोलावल्यासारखे उभे आहेत. हसायची. तुम्ही वळलात की म्हणायची, आले, आले, चला. मग आत जाऊन पलंगावर बसायची. आणि तुम्ही येऊन लाल सांगायचात."

रामदासने कठडा धरला. उन्हात रस्ता पांढरा दिसत होता. एक म्हातारा छत्री उघडून चौकाकडे चालला होता, आणि इतक्या वरून तो किती लहान आणि किती हळू दिसत होता. आपण असे दिसत होतो. ती विचारायची, काय रंग आहे, आणि तिच्या दातांत बोराची साल असायची. "मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला. "एकदा तरी."

"मीसुद्धा विचारलं होतं. तर म्हणाली, सांगितलं तर ते जायचे बंद होतील. माझ्या उशाशी बसून राहतील दिवसभर, माझा श्वास मोजत. तेवढंच तर बाहेर पडणं होतं त्यांचं. त्यांना जरा बाहेरची हवा लागू दे." द्वारकाबाईंनी कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. "ती तुम्हाला बाहेर काढत होती आणि तुम्ही तिला आत ठेवत होतात. दोघंही शहाणे."

सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं आता उठायला पाहिजे होतं. तिला आपण कोंडलं नाही, ती बाहेर आली, इथे बसली, हसली, हे सगळं त्याने ऐकलं होतं. ओझं उठलं नाही. ते नुसतं सरकलं आणि दुसऱ्या जागी जाऊन बसलं. कारण ती इथे बसली होती म्हणजे तिने इथली हवा घेतली होती. तोंड उघडून, हसत, रोज. आणि सकाळपासून तो काय मागत होता? हवा वाईट असू दे. त्याने बोटं धुळीत घालून मागितलं होतं. हायवेचा धूर इकडे येऊ दे म्हणून मागितलं होतं. आता त्याला ते सगळं परत घ्यायचं होतं, घाईघाईने, कुणाच्या कानावर जायच्या आत. हवा चांगली असली पाहिजे. टेकडीवरची असली पाहिजे. त्या सकाळी एकही ट्रक गेलेला नसला पाहिजे. आणि ते सांगायला कुणीही नव्हतं. कुणीही मोजलं नव्हतं.

"हवा कशी होती तेव्हा?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"ती इथं बसायची तेव्हा. धूर यायचा का? काही वास? धूळ उडायची?"

"अहो, मी काय यंत्र आहे?" द्वारकाबाई म्हणाल्या. पण तो हसला नाही. तो त्यांच्या पुढ्यात हात खाली सोडून, अगदी ताठ उभा होता, आणि त्याचे ओठ थोडे उघडे होते. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर कुणाला बरं वाटावं म्हणून त्यांनी एक शब्द जास्तीचा बोललेला नव्हता, आणि आत्ताही त्यांना ते नीट जमलं नाही. "चांगलीच असणार हो. सकाळची वेळ. मी हवेकडे बघत नव्हते. मी तिच्याकडे बघत होते. यायची, थोडी खोकायची, मग थांबायची, मग..."

"खोकायची?"

"थोडी."

"थोडी म्हणजे किती?" रामदास म्हणाला. "आधी खोकायची का नंतर? आत गेल्यावर खोकायची का? मी आलो तेव्हा तर ती... थोडी म्हणजे किती?"

द्वारकाबाईंनी स्टुलावरची माती पदराने झटकली आणि ते त्याच्याकडे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "सगळं सांगते. पण असे उभे राहू नका माझ्यासमोर."